बाळू पालवणकर : चेंडू हाती, मान परक्या हाती

कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ आमच्या शिक्रापूर परिसरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. मात्र पुण्याच्या लष्करी छावणीत वाढलेल्या आणि भारताच्या पहिल्या इंग्लंड दौऱ्यात सर्वाधिक बळी घेणाऱ्या बाळू पालवणकरांचे नाव फार थोड्यांना आठवते. त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाळूंचा जन्म चर्मकार कुटुंबातला. वडील सैन्यात नोकरीस. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. महिना पगार 3 रुपये. पुढे युरोपियनांच्या क्लबात 4 रुपये मिळू लागले. तेथे ग्रेग यांच्यासारख्या नामांकित फलंदाजांना ते तासन्‌तास गोलंदाजी टाकीत. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्यांना कोणी दिली नाही. श्रम त्यांचे, खेळ इतरांचा, अशी ती वाटणी होती. पुण्याच्या हिंदू संघाने जिंकण्याच्या गरजेपोटी त्यांना घेतले. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे.

1896 नंतर प्लेगच्या काळात ते मुंबईस गेले. 1906 मध्ये हिंदू जिमखान्याने युरोपियनांचा पराभव केला, त्यात बाळू व त्यांचे बंधू शिवराम या दोघांचाही वाटा होता.

1911 चा इंग्लंड दौरा हा केवळ खेळ नव्हता. 1909 मध्ये लंडनमध्ये कर्झन वायली यांची हत्या झाली होती आणि हिंदी माणसाकडे तेथे संशयाने पाहिले जात होते. अशा वेळी पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाच्याच वर्षी राजनिष्ठ, सुसंस्कृत हिंदुस्थानचे दर्शन घडवावे, असा संस्थानिकांचा व मुंबईतील धनिकांचा हेतू होता. संघातील जागा धर्मनिहाय वाटल्या गेल्या आणि कर्णधारपद पतियाळाच्या 19 वर्षांच्या महाराजांकडे गेले. महाराज समारंभांत गुंतले आणि बहुतेक सामन्यांना अनुपस्थित राहिले. त्यांच्या पदरी असलेले उत्तम फलंदाज मिस्त्री यांनाही त्यांनी सोबत नेले. संघाने 14 प्रथम श्रेणी सामन्यांपैकी 10 गमावले. त्या पडझडीत पस्तिशीतल्या बाळूंनी या सामन्यांत 75 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात 8 गडी बाद केले. ज्या दौऱ्याचा खर्च व श्रेय प्रतिष्ठितांचे, त्याची लाज एका अस्पृश्य गोलंदाजाने राखली.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. 1920 मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांच्या बंधूंनी संघातून माघार घेतली. अखेर बाळू उपकर्णधार झाले. 1923 मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. ती वाट बाळूंच्या घामाने व भावांच्या निषेधाने मोकळी झाली होती.

बाबासाहेबांना बाळूंविषयी आदर होता, तरीही दोघांचे मार्ग वेगळे झाले. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले, पुणे करारावर त्यांची सही आहे आणि 1935 च्या धर्मांतराच्या घोषणेस त्यांनी विरोध केला. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध लढले; बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. त्यांची ही राजकीय भूमिका आम्हांस मान्य नाही. म्हणून त्यांचे नाव पुसावे, हेही आम्हांस मान्य नाही. हिंदू समाज गुणांपुढे आज ना उद्या नमेल, असा विश्वास त्यांनी बाळगला. त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीने त्या विश्वासाची मर्यादा दाखवून दिली. गुण असूनही हक्क आपोआप मिळत नाहीत, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन बाळूंच्या जीवनाइतके स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आज जागतिक स्पर्धांवर कोट्यवधी रुपये उधळले जातात, झेंडे फडकतात, पुढारी चषक उंचावतात. आमच्या वसतिगृहांतून मैदानाकडे धावणाऱ्या मुलामुलींनी जरूर खेळावे, जिंकावे. पण संघ कोण निवडतो, पैसा कोण देतो आणि मान कोणाच्या वाट्याला जातो, हे प्रश्न विचारण्याइतके शिकावेही. रोलर ओढणाऱ्या हातांना निवड समितीच्या मेजावरही जागा हवी.