पदक आणि परतफेड

कुंभकोणमच्या आमच्या घरी आजही मराठी बोलतात, पण तिथल्या माझ्या मित्रांना खाशाबा जाधव ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब हेच त्यांचे पहिले वस्ताद. तांबड्या मातीत घडलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर खेळले आणि सहावे आले.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले.

परतल्यावर जंगी मिरवणूक निघाली. पण खाशाबा सत्कारात रमले नाहीत. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, पुढे क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आपल्यालाही घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन इथे पाठवले आहे. पदक मिळो न मिळो, पाठवणाऱ्यांचे देणे आधी, हे मी खाशाबांकडून घेतले.