गुस्ताव आयफेल व त्याचें लोखंडी बांधकाम

आगगाडीच्या एखाद्या जुन्या लोखंडी पुलाखालून जातांना वर पाहिलें, तर तुळयांच्या अंगावर गोल डोक्यांच्या रांगाच रांगा दिसतात. त्यांस रिव्हेट म्हणतात. लोखंडाचे निरनिराळे भाग एकत्र धरून ठेवणें हें त्यांचें काम. एक रिव्हेट सहज मुठींत मावतो. परंतु अशाच सुमारें २५ लक्ष रिव्हेटांनीं जोडलेला एक मनोरा पॅरिस शहरांत सव्वाशेहून अधिक वर्षें उभा आहे. तो ज्याच्या नांवानें ओळखला जातो, त्या गुस्ताव आयफेलचें चरित्र यशानें जितकें भरलेलें आहे, तितकेंच तें अपयशानेंही बोधप्रद झालें आहे.

आयफेलचा जन्म फ्रान्स देशांतील दीझों शहरीं १५ डिसेंबर १८३२ रोजीं झाला. वडील पूर्वीं सैन्यांत होते. कोळशाचा व्यापार त्याची आई मोठ्या दक्षतेनें चालवी, व तिच्यामुळेंच घरास सुबत्ता आली. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या नामांकित विद्यालयांत आयफेलला प्रवेश मिळाला नाहीं. तेव्हां तो एकोल सांत्राल या दुसऱ्या विद्यालयांत गेला व १८५५ सालीं रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण झाला. एका आप्ताच्या शिरक्याच्या कारखान्यांत त्यानें जावें असें ठरलें होतें. परंतु घरांत कलह माजला आणि तो मार्ग बंद झाला. पोटासाठीं दुसरी नोकरी शोधतां शोधतां तो लोखंडी बांधकामाकडे वळला.

बोर्दो येथें गारोन नदीवर आगगाडीचा सुमारें ५०० मीटर लांबीचा पूल व्हावयाचा होता. १८५८ सालीं त्या कामाची जबाबदारी या तरुणावर आली. नदीच्या तळाशीं पाया खणण्यासाठीं लोखंडी पोकळ नळकांडें खालीं उतरवावयाचें व त्यांत दाबलेली हवा भरावयाची, म्हणजे पाणी बाहेर राहतें व मजुरांस कोरड्यांत काम करितां येतें. ही युक्ति त्यानें येथें यशस्वी करून दाखविली. १८६० सालीं पूल पुरा झाला. पुढें पॅरिसजवळ लव्हाल्वा येथें त्यानें स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळीं बांधकामांत मुख्यतः दोन प्रकारचें लोखंड असे. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, दाब चांगला सोसतें, पण ताण पडला कीं तडकतें. घडीव लोखंड दाब व ताण दोन्ही सोसतें. आयफेलचा भर घडीव लोखंडावर होता. शिवाय त्याच्या बांधकामांत जिकडे तिकडे त्रिकोण दिसतात, त्याचें कारण सोपें आहे. चौकोनी चौकट बाजूनें ढकलली तर ती कलते. तिच्यांत एक तिरपी पट्टी बसविली, कीं तिचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण आपला आकार सोडीत नाहीं. छपराची कैची व पुलाची जाळीदार तुळई याच तत्त्वावर उभी असते. जाळींतून वारा पार निघून जातो, हा आणखी एक लाभ. उंच बांधकामाचा मोठा शत्रु वारा होय, हें आयफेलनें पुरतें ओळखलें होतें.

पोर्तुगालमध्यें दूरो नदीवर त्यानें १६० मीटर गाळ्याची कमान उभारली. नदीला ओढ फार, म्हणून खालून परांची न बांधतां दोन्ही तीरांकडून कमान तारदोरांनीं धरून पुढें वाढवीत नेली. हें काम १८७७ सालीं पुरें झालें. त्याच सालीं त्याची पत्नी निवर्तली व पांच मुलें मातेस पारखीं झालीं. थोरली मुलगी क्लेअर हिनें लहान वयांत घर संभाळलें. पुढें गाराबी येथील १२२ मीटर उंचीचा पूल, आणि न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा आंतील लोखंडी सांगाडा, हीं कामें त्याच्या कारखान्यानें केलीं.

मनोऱ्याची मूळ कल्पना मात्र आयफेलची नव्हे. त्याच्या हाताखालचे केक्लां व नूग्ये या दोघां अभियंत्यांनीं ती १८८४ सालीं कागदावर आणली. जानेवारी १८८७ मध्यें काम सुरू झालें. कुरूप लोखंडानें शहर विद्रूप होणार, अशी हांकाटी नामवंत कलावंतांनीं केली. काम थांबलें नाहीं. १८,०३८ भाग कारखान्यांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजून तयार होत. जागेवर भोंक जुळलें नाहीं, तर तेथेंच ठोकून बसवावयाचें नाहीं. तो भाग कारखान्यांत परत जाई. एका रिव्हेटास चार माणसें लागत: एक तापवी, एक धरून ठेवी, एक डोकें घडवी व एक घण घाली. ३१ मार्च १८८९ रोजीं ३०० मीटरचा मनोरा पुरा झाला.

कीर्तीच्या शिखरावरच त्याच्यावर आघात झाले. स्वित्झर्लंडमध्यें बाझेलजवळ म्युंखेनस्टाइन येथें त्याच्या कारखान्यानें १८७५ सालीं बांधलेला पूल १४ जून १८९१ रोजीं आगगाडीसह कोसळला व ७० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. लांब पट्टी उभी धरून वरून दाबली, तर ती चिरडण्यापूर्वींच बाजूस वांकते. दाब सोसणाऱ्या लोखंडी दांड्यांचेंही तसेंच होतें. झुरिचचा प्राध्यापक टेटमायर यानें प्रयोगांनीं दाखविलें कीं, जुनें सूत्र मध्यम जाडीच्या दांड्यांची शक्ति वाजवीपेक्षां अधिक सांगतें. १८९२ सालीं त्या देशांत लोखंडी पुलांसाठीं सरकारी नियम झाले. ते नियम मृतांच्या मोलानें मिळाले, हें विसरतां येत नाहीं.

पनामा कालव्याच्या कंपनीचें दिवाळें निघालें, तेव्हां कालव्याच्या दरवाजांचा मक्ता घेतलेल्या आयफेललाही १८९३ सालीं दोन वर्षांची कैद ठोठावण्यांत आली. वरिष्ठ न्यायालयानें मुदतीच्या मुद्यावर ती रद्द केली. पण त्यानें धंदा सोडला.

तेव्हां त्याचें वय साठ होतें. दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. आयफेल विद्यार्थी झाला! मनोऱ्यावरून निरनिराळ्या आकारांच्या फळ्या खालीं सोडून हवेचा विरोध तो मोजूं लागला. १९०९ सालीं त्यानें मनोऱ्याच्या पायथ्याशीं वारा खेळविण्याचें बोगदें असलेली प्रयोगशाळा उघडली, व नव्यानें निघालेल्या विमानविद्येस तिचा फार उपयोग झाला. मनोऱ्यास परवानगी वीसच वर्षांची होती. बिनतारी संदेशांसाठीं तो उपयोगी ठरला म्हणून तो वांचला. २७ डिसेंबर १९२३ रोजीं, एक्याण्णव वर्षांचा होऊन, आयफेल मरण पावला.

आतां नव्या बांधकामांत रिव्हेटची जागा बहुधा बोल्ट व वेल्डिंग यांनीं घेतली आहे. नियम मात्र तोच आहे. न जुळणारा भाग ठोकून बसवावयाचा नाहीं, तो परत पाठवावयाचा. आणि हिशेब चुकला असें दिसलें, तर पुन्हां मोजावयास बसावयाचें. वहींतील उदाहरण सोडवितांना हा नियम पाळणारा विद्यार्थी उद्यां पूल बांधूं लागला, तर त्यावरून जाणारे लोक निर्धास्त झोंप घेत प्रवास करितील.