पंडित भगवानलाल इंद्रजी

कोपर स्थानकात आगगाडीचे दोन मार्ग एकमेकांस छेदतात. एक मुंबईहून कल्याणकडे जातो, तर दुसरा दिव्याहून वसईकडे. वसईकडे निघालेली गाडी कोपर सोडताच उल्हास नदीची खाडी ओलांडते व भिवंडीवरून वसईस पोचते. तेथून पुढचेच स्थानक नालासोपारा. आज दाट वस्तीने गजबजलेले हे सोपारे दोन हजार वर्षांपूर्वी एक नामांकित बंदर होते, कल्याणही तसेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या एका ग्रीक ग्रंथात या दोन्ही बंदरांची नावे आढळतात. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, जहाजे दुसरीकडे वळली आणि या गावांचे जुने वैभव लोक विसरून गेले. ते वैभव दगडांवरील झिजलेल्या अक्षरांतून ज्यांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव फार मोठे आहे.

भगवानलाल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी सौराष्ट्रातील जुनागढ येथे झाला. घराणे विद्वान ब्राह्मणांचे होते. वडिलांजवळ त्यांनी संस्कृत व वैद्यक यांचे धडे घेतले. इंग्रजी शाळेचे तोंड मात्र त्यांनी पाहिले नाही. गावाबाहेर, गिरनार पर्वताच्या वाटेवर, एक प्रचंड शिळा आहे. सम्राट अशोकाच्या चौदा आज्ञा तिच्यावर कोरलेल्या आहेत. शिळेजवळून रोज शेकडो लोक जात, पण ती विचित्र अक्षरे कोणास वाचता येत नसत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने या ब्राह्मी लिपीचा उलगडा केला होता. त्या अक्षरांचा एक तक्ता किशोरवयीन भगवानलालांच्या हाती पडला. मग काय विचारता! तक्ता घेऊन हा मुलगा शिळेपाशी जाऊन बसू लागला. एकेक अक्षर जुळवता जुळवता त्याला वाचन साधले आणि छापून आलेल्या नकलांत कित्येक चुका आहेत, हेही त्याच्या ध्यानात आले. नक्कल चुकली की अर्थ चुकतो, आणि अर्थ चुकला की इतिहासच चुकतो. या मुलाला आयुष्यभराचे काम सापडले ते येथे.

त्याची कीर्ती मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली. भाऊ दाजी हे नामवंत धन्वंतरी व प्राचीन इतिहासाचे मोठे अभ्यासक होते. विशीच्या सुरुवातीसच भगवानलाल त्यांच्याकडे मुंबईस आले व पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी त्यांच्यासाठी गावोगाव हिंडून शिलालेखांच्या नकला केल्या.

तुम्ही म्हणाल, नकला कशाला? छायाचित्र का घेतले नाही? मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली होती. भाऊ दाजी तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. तेव्हा या विद्येची ओळख त्या घरी चांगलीच होती. पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक जड पेटी. तिच्याबरोबर काचा, रसायनांच्या बाटल्या व काळोखी खोलीचे काम देणारा तंबू बाळगावा लागे. काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. देवळाचे शिखर किंवा किल्ल्याची तटबंदी त्यात सुरेख उमटे; परंतु अंधाऱ्या लेण्यातील भिंतीवर पुसट झालेली ओळ त्यात कशी उमटणार? अशा लेखासाठी दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद बसवीत आणि कुंच्याने हलके ठोकीत. कागद अक्षरांच्या खाचांत शिरे व वाळल्यावर दगडाचा ठसा घेऊन निघे. तोही अपुरा पडला, तर अक्षरे डोळ्यांनी निरखून हातानेच उतरवून घ्यावी लागत. सकाळच्या तिरप्या उन्हात जी रेघ दिसते ती दुपारी दिसत नाही. म्हणून एकाच ओळीसमोर अनेकदा उभे राहावे लागे. हे काम किती किचकट असते ते ज्याचे त्यालाच ठाऊक!

या कामासाठी भगवानलाल राजस्थान, मथुरा, ओरिसा, वायव्य सरहद्द आणि नेपाळपर्यंत हिंडले. १८७४ साली भाऊ दाजी निवर्तले आणि भगवानलालांचा आधार तुटला. प्रवासाला पैसा नाही, आणि इंग्रजीत निबंध लिहिण्याची सवय नाही, अशा अडचणीत ते सापडले. तेव्हा डॉ. ब्यूलर या जर्मन पंडितांनी त्यांस हात दिला. भगवानलाल आपले निबंध गुजरातीत लिहीत व ब्यूलर यांच्यासारखे मित्र त्यांचे इंग्रजी भाषांतर करीत. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग नाणेघाटातून जातो. तेथील लेण्यात सातवाहनांचा मोठा लेख आहे. त्यातील आकड्यांच्या खुणांवर भगवानलालांनी लिहिलेला निबंध विद्वानांना फार मोलाचा वाटला. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा व चौल या बंदरांतील दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्या लेखांच्या वाचनातही त्यांचा मोठा वाटा होता.

अंबरनाथच्या शिवमंदिराची हकीकत तर आपल्या अगदी घराजवळची. त्या मंदिरातील शिलालेखाचे वाचन प्रथम भाऊ दाजींनी केले होते व त्यातील साल त्यांनी शके ७८२ असे लावले होते. भगवानलालांनी लेख पुन्हा तपासला. पहिला आकडा सात नव्हे, नऊ आहे, असे त्यांना दिसून आले. एका झिजलेल्या आकड्याने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी चुकले होते! भाऊ दाजी हे त्यांचे आश्रयदाते; गुरूसमानच म्हणा ना. त्यांची चूक दाखविणे भगवानलालांना सोपे गेले नसेल. तरीही दगडावर जे होते तेच त्यांनी लिहिले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हेच साल आज सर्वमान्य आहे.

सोपाऱ्याजवळ एक मोठा उंचवटा होता. लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. हा कोट नसून बौद्धांचा स्तूप असावा, असा भगवानलालांचा तर्क होता. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी तेथे खणण्यास आरंभ केला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक कॅम्बेल यांचे त्यांस साहाय्य होते. मध्यभागी विटांनी बांधलेली एक लहानशी कोठडी लागली आणि तीत दगडी करंडा सापडला. झाकण उचलताच आत बुद्धांच्या आठ मूर्ती वर्तुळाकार मांडलेल्या दिसल्या. मधोमध तांब्याची डबी होती. तिच्यात चांदीची, चांदीच्या आत दगडाची, दगडाच्या आत स्फटिकाची आणि स्फटिकाच्या आत सोन्याची! त्या सोन्याच्या डबीत काय असावे? रत्ने नव्हेत. मातीच्या भिक्षापात्राचे काही तुकडे तेवढे होते. बुद्धाचे पात्र म्हणून कोणी भाविकांनी ते इतक्या जपणुकीने ठेवले होते. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री याचे एक चांदीचे नाणेही मिळाले.

त्याच वर्षी गावातील भातेला तळ्याजवळ भगवानलालांना एक फुटका दगड सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीतील थोड्याच ओळी शिल्लक होत्या. बहुतेक शब्द अर्धवट तुटलेले. दुसऱ्या कोणी तो बाजूस टाकला असता. पण अशोकाची आठवी आज्ञा त्यांनी तत्काळ ओळखली. शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे सम्राटाने तीत सांगितले आहे. हीच आज्ञा गिरनारच्या शिळेवरही आहे, आणि लहानपणी अक्षरे गिरवली ती त्याच शिळेपुढे! सोपारा हे अशोकाच्या काळीही महत्त्वाचे स्थान होते, हे त्या तुकड्याने सिद्ध झाले. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगाव येथे नवव्या आज्ञेचाही तुकडा मिळाला.

ओरिसातील हाथीगुंफेत खारवेल राजाचा अतिशय खराब झालेला लेख आहे. त्यावरील भगवानलालांचा निबंध हॉलंडमधील लायडेन येथे भरलेल्या विद्वत्परिषदेस १८८३ साली सादर झाला. इंग्रजी शाळेत न गेलेल्या या पंडितास लायडेन विद्यापीठाने डॉक्टर ही पदवी देऊन गौरविले. मात्र प्रकृती खालावत होती. त्यांना मूलबाळ नव्हते. पत्नीही पूर्वीच वारली होती. अखेरच्या दिवसांतही ते वाळकेश्वर येथील घरी गुजरातच्या इतिहासाचे लेखन करीत होते. ते पुरे होण्यापूर्वीच १६ मार्च १८८८ रोजी त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्राने त्यांनी आपली नाणी व पुराणवस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला आणि हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिली. सोपाऱ्याचा तो दगडी करंडा, आतल्या डब्या व आठ मूर्ती याच सोसायटीच्या संग्रही आहेत.