पिंजऱ्यात शिरलेला माणूस

ज्यांनी रेडिओच्या आणि कृष्णधवल टीव्हीच्या काळात संसार केले, त्यांना एक अनुभव नक्की आठवत असेल. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, की बाहेरच्या खोलीतला रेडिओ खरखरू लागे. रस्त्यावरून स्कूटर गेली, की टीव्हीच्या पडद्यावर रेघा आणि ठिपके नाचत. स्कूटर आणि टीव्ही यांना जोडणारी कुठलीच तार नव्हती. मग एकाची कुरबूर दुसऱ्याच्या घरात शिरत होती कशी?

या प्रश्नाचे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. विद्युतचुंबकीय सुसंगती असे त्याचे जडजंबाल नाव. अभियंते त्याला नुसते ईएमसी म्हणतात. त्याचे सार मात्र साधे आहे. आपल्या उपकरणाने शेजाऱ्याला त्रास देऊ नये, आणि शेजाऱ्याचा थोडाफार त्रास निमूट सोसावा. चाळीत वाढलेल्या माणसाला हा शेजारधर्म समजावून सांगावा लागत नाही. गंमत अशी, की या दुखण्याचे मूळ आणि त्यावरचा उतारा, दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागले. त्याचे नाव मायकेल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या न्यूइंग्टन भागातला. वडील लोहार आणि सततचे आजारी. शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरते आणि थोड्या हिशेबापुरते. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीवाल्याकडे पडेल ते काम करू लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने टिपणे घेतली, स्वच्छ अक्षरात उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवले. १८१३ च्या मार्चमध्ये तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला.

पुढची कथा सरळ नाही. युरोपच्या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले. १८२१ मध्ये विजेची तार चुंबकाभोवती फिरवून दाखवल्यावर त्याच्यावर दुसऱ्याची कल्पना उचलल्याचा ठपका आला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीत त्याची निवड व्हायची होती, तर अध्यक्षपदी असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. निवड झालीच. कादंबरीकार म्हणून मला इथे सूडाची एक चांगली गोष्ट दिसते. फॅरेडेने मात्र ती घडू दिली नाही. डेव्हींविषयी तो अखेरपर्यंत आदरानेच बोलत राहिला.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात वीज सोडली, तेव्हा दुसऱ्याला जोडलेल्या सुईने झटका घेतला आणि ती परत जागेवर आली. वीज बंद केली, पुन्हा झटका. प्रवाह सुरळीत वाहत असताना सुई शांत. तो बदलला, की शेजारी हलणार. आपल्या वीजघरांमागचे तत्त्व हेच आणि शेजारच्या तारेला होणाऱ्या उपद्रवाचे एक मूळही हेच. आजच्या संगणकातली वीज सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होते. मग तारा एकमेकींशी न बोलतील तरच नवल!

उतारा सापडला १८३६ च्या जानेवारीत. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात फॅरेडेने बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारला, तो तारा आणि धातूच्या वर्खाने मढवला, आणि पेटती मेणबत्ती व विद्युतमापके घेऊन स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून इतकी वीज चढवली, की पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागल्या. आत मापकाला त्याचा पत्ताही नव्हता. विद्युतभार बाहेरच्या अंगालाच राहत होता.

वेगाने बदलणाऱ्या लहरींचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे, पण धातूचे कवच तिथेही कामी येते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली बारीक भोकांची जाळी म्हणजे फॅरेडेचा पिंजराच. आतल्या लहरींची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर, भोके एखाद-दोन मिलिमीटरची. प्रकाश बाहेर येतो, लहर अडकते. अभियंत्यांची खरी डोकेदुखी असते पेटीच्या फटींची आणि आत-बाहेर जाणाऱ्या तारांची. काही तारांच्या टोकाशी जाडसर गाठ दिसते ना? तिच्यात फेराइट असते, फॅरेडेच्या लोखंडी कड्याचे जवळचे नातलग. ते तारेवरचा अतिवेगवान गोंगाट तिथेच जिरवते. पुण्यात एआरएआयमध्ये वाहनांच्या अशा चाचण्या होतात, त्या धातूने मढवलेल्या खोल्यांत.

फॅरेडेला गणित येत नव्हते. चुंबकाभोवती पसरलेल्या बलरेषा त्याला मनात दिसत. त्यांना समीकरणांचा साज चढवला तो मॅक्सवेलने. मी बँकेत आयुष्य काढले, म्हणून मला भुरळ घालते ती त्याची रोजनिशी. १८३२ पासून प्रत्येक परिच्छेदाला त्याने क्रमांक दिला आणि तो आकडा सोळा हजारांपुढे गेला. व्हाउचरही कुणी इतक्या निष्ठेने लावत नाही. पुढे १८४० च्या सुमारास स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तेव्हा ही वहीच त्याचा आधार झाली असणार. जे डोक्यात टिकत नव्हते, ते कागदावर शाबूत होते.

पैशाच्या बाबतीत मात्र हा माणूस आमच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. उद्योगधंद्यांना सल्ला देऊन मिळणारी मोठी कमाई त्याने संशोधनासाठी सोडली. सर हा किताब नाकारला, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. क्रिमियाच्या युद्धात विषारी वायूच्या कामाला हात लावला नाही. साधेपणा मानणाऱ्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा तो श्रद्धाळू अनुयायी होता. मूलबाळ नव्हते; पत्नी सारा शेवटपर्यंत सोबत होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला आणि हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली विसावला.

१९९१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने वीस पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र छापले; २००१ मध्ये ती नोट चलनातून गेली. त्याच्या पिंजऱ्याचे चलन मात्र अजून बंद झालेले नाही.