सर्जिओ लिओने आणि आमच्या खोलीतलं भांडण

आमच्या खोलीतली भांडणं ठरलेली असतात. पंख्याचा स्पीड, बादली कुणी लंपास केली, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट किती वाजता घालवायचा. पण मागच्या पी.एल.मध्ये सलग तीन रात्री जे वाजलं ते एका इटालियन माणसावरून. तोही १९८९ सालीच वारलेला! सर्जिओ लिओने त्याचं नाव.

नाव ओळखीचं वाटत नसेल तर 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची ती शिट्टी आठवा. कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर ती तुम्ही ऐकलेली आहेच. आणि 'शोले'मध्ये ठाकूरच्या घरी जे हत्याकांड होतं, ते बघून मग लिओनेचा १९६८ सालचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' बघा. मी जास्त काही सांगत नाही.

हा माणूस जन्मला रोममध्ये, ३ जानेवारी १९२९ रोजी. वडील विन्चेन्झो लिओने हे मूकपटांचे दिग्दर्शक, पण पडद्यावर नाव लावायचे रोबेर्तो रोबेर्ती. आई नटी. पुढे फॅसिस्ट राजवटीत वडिलांचं काम आटत गेलं. शाळेत सर्जिओच्या वर्गात एन्यो मोरिकोने नावाचा मुलगा होता. पुढे दोघांची चुकामूक झाली ती थेट १९६४ साली संपली, आणि त्यातून ती शिट्टी जन्माला आली. आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे जरा आदराने बघायला हरकत नाही.

त्याने उमेदवारी केली ती बरीच वर्षं. १९४८ च्या 'बायसिकल थीव्हज'मध्ये पावसात आडोशाला उभ्या राहिलेल्या तरुण पाद्र्यांपैकी एक तो आहे. 'बेन-हर'सारख्या अवाढव्य अमेरिकन पिक्चरचं काम रोममध्ये चाललं होतं तेव्हा तो दुसऱ्या युनिटवर सहाय्यक होता. स्वतःच्या नावाचा पहिला पिक्चर १९६१ साली आला, 'द कोलॉसस ऑफ ऱ्होड्स'. बरा आहे. पुढे जाऊ.

१९६४ साली त्याने स्पेनच्या रखरखीत माळावर जाऊन, कमी पैशात, क्लिंट ईस्टवुड नावाच्या टीव्हीवरच्या नटाला १५,००० डॉलरवर घेऊन 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला. इटालियन लोकांनी काढलेले काउबॉयचे पिक्चर, म्हणून लोक चेष्टेने त्यांना स्पॅगेटी वेस्टर्न म्हणू लागले. माल अमेरिकन वाटावा म्हणून लिओनेने दिग्दर्शकाचं नाव दिलं बॉब रॉबर्टसन, म्हणजे रॉबर्टचा मुलगा. विसरल्या गेलेल्या बापाचं नाव त्याने असं गुपचूप पडद्यावर परत आणलं. गोष्ट मात्र अकिरा कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून सरळसरळ उचललेली. आपण जर्नल उतरवतो तशी! जपानहून नोटीस आली आणि जगभरच्या कमाईतला १५ टक्के हिस्सा देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

आता इंजिनीअर लोकांसाठी थोडंसं. हे पिक्चर टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाले. नेहमीच्या फिल्मवर एका चौकटीला चार छिद्रांची उंची लागते, यात दोनच. म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये रुंद पडदा! शिवाय साधी भिंग वापरता येत असल्याने पुढचे डोळे आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट दिसतात. लिओनेची ती प्रसिद्ध घामेजलेली थोबाडं अशी काटकसरीतून निघाली आहेत. आणि सिव्हिलवाल्यांनो, 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'साठी स्पॅनिश लष्कराच्या अभियंत्यांनी नदीवर खरा पूल बांधला होता. इशारा समजण्यात घोटाळा झाला आणि कॅमेरे सुरू होण्याआधीच तो उडवला गेला. मग पुन्हा बांधला, पुन्हा उडवला. बॅकलॉग स्पेनमध्येही असतात.

तर भांडण. ते या गाजलेल्या पिक्चरांवरून नव्हतंच. ते होतं १९७१ च्या 'जू ला तेस्ता'वरून. अर्थ साधारण 'डोकं खाली घाल'. हा लिओनेला दिग्दर्शित करायचाच नव्हता. वेस्टर्नचा त्याला कंटाळा आला होता, डोक्यात न्यूयॉर्कच्या गुंडांची गोष्ट होती. हा फक्त निर्माता म्हणून काढायचा असं ठरलं. पीटर बोगडॅनोविच आला आणि गेला, मग सहाय्यक जानकार्लो सांती याच्याकडे सोपवायचं घाटत होतं. पण रॉड स्टायगर आणि जेम्स कोबर्न अडून बसले की लिओने नसेल तर आम्ही नाही. शेवटी बसला बिचारा.

१९१३ चा मेक्सिको. हुआन हा दरोडेखोर, बरोबर बाप आणि पोरांची टोळी. शॉन हा आयर्लंडहून पळालेला क्रांतिकारक, मोटारसायकलवर स्फोटकं घेऊन फिरणारा. हुआनला बँक लुटायची असते. बँक फोडतात तर आत सोनं नाही, राजकीय कैदी! त्यांना सोडवून चोर फुकटात क्रांतीचा हिरो होतो. आणि मग त्याची किंमत मोजत जातो.

माझं मत होतं की लिओनेचा हा सगळ्यात फसलेला पिक्चर. धड विनोदी नाही, धड शोकांतिका नाही. शॉन चालवतो ती मशीनगन एमजी ४२, म्हणजे १९४२ ची जर्मन. १९१३ मध्ये ती आली कुठून? आयर्लंडच्या आठवणी मध्येच येतात, मध्येच तुटतात. जगभरचे लिओनेभक्तही इथे दोन गटांत भांडतात. एकांना हा त्याच्या कारकिर्दीतला खड्डा वाटतो, दुसऱ्यांना त्याचा सगळ्यात खोल पिक्चर.

पार्टनर दुसऱ्या गटातला. त्याचं सगळं अडलं होतं एका प्रसंगावर. क्रांतीचं नाव काढल्यावर हुआन भडकतो. पुस्तकं वाचणारे येतात, न वाचणाऱ्यांना लढायला सांगतात, नंतर टेबलाभोवती चर्चा करत बसतात आणि मेलेले असतात ते न वाचणारेच, असा त्याचा मुद्दा. ते ऐकून शॉन हातातलं बाकुनिनचं पुस्तक चिखलात टाकून देतो. पार्टनरचे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि आजोबाही परत कामावर गेले नाहीत. संपाविरुद्ध ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि बाजूनेही नाही. दोन वर्षं एका खोलीत राहून हे मला त्या रात्री कळलं. मी मशीनगनचा मुद्दा तात्पुरता मागे घेतला.

तिसऱ्या रात्री मजा झाली. तो शेवटच्या आठवणीबद्दल बोलायला लागला, शॉन, त्याचा मित्र आणि ती मुलगी, तिघं झाडाखाली. मी म्हटलं असा सीनच नाही. त्याने मला वेड्यात काढलं, मी त्याला. शेवटी दोन्ही फाइली उघडून वेळ पाहिली. माझा १२१ मिनिटांचा, त्याचा १५७! तीन रात्री आम्ही दोन वेगळ्या पिक्चरांवरून भांडत होतो.

अमेरिकेत १९७२ साली तो आला 'डक, यू सकर' या नावाने. ही अमेरिकेत रोजची बोलण्याची रीत आहे अशी लिओनेची ठाम समजूत होती. अमेरिकनांनी ती ऐकलेलीच नव्हती. चालेना म्हणून नाव बदलून 'अ फिस्टफुल ऑफ डायनामाइट' केलं. कात्री तर आधीच लागली होती. सुरुवातीची माओची ओळ, शिव्या, राजकारण, आठवणी, सगळं छाटलेलं. तिकडची लांब आवृत्ती नीट डीव्हीडीवर यायला २००७ उजाडलं.

मग मी १५७ मिनिटं सलग पाहिली. मित्राने दगा दिला म्हणून आयर्लंडमध्ये शॉनने त्याला गोळी घातलेली असते. मेक्सिकोत डॉक्टर विलेगा छळापुढे मोडून साथीदारांची नावं सांगतो, ते शॉन डोळ्यांनी बघतो. पण यावेळी तो न्यायनिवाडा करत नाही. लिओनेच्या आधीच्या पिक्चरांत माणसं मरतात ती घड्याळाच्या तालावर, मस्त वाटतं. इथे भिंतीशी उभी केलेली, खंदकात पडलेली माणसं बघताना काहीच मस्त वाटत नाही. छाटलेल्या आवृत्तीत मला फसलेला जोक दिसला होता. तो जोक नव्हताच.

लिओनेचं पुढचं आयुष्य म्हणजे याचीच पुनरावृत्ती. 'गॉडफादर' नाकारून, दहाएक वर्षं झगडून त्याने ती गुंडांची गोष्ट 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' १९८४ साली पूर्ण केली. कान महोत्सवात २२९ मिनिटांची दाखवली. अमेरिकेत तिची १३९ मिनिटं केली, तीही मागचंपुढचं सरळ क्रमाने लावून. त्यानंतर त्याने पिक्चर दिग्दर्शित केला नाही. लेनिनग्राडच्या वेढ्यावरच्या पिक्चरची जुळवाजुळव चालू असताना ३० एप्रिल १९८९ रोजी रोममध्ये हृदयविकाराने गेला. वय अवघं ६०.

खोलीत सध्या शांतता आहे. पार्टनरने माझी १२१ मिनिटांची फाइल मला न विचारता डिलीट केली, त्याबद्दल मी काही बोललो नाही. एमजी ४२ चं उत्तर मात्र त्याने अजून दिलेलं नाही.