हॅरी होल्ट: आठ परक्या लेंकरांचा पिता

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन म्हणून एक राज्य आहे. तेथें क्रेसवेल नांवाच्या लहानशा गांवीं हॅरी होल्ट हे शेतकरी गृहस्थ राहत असत. ते पाळक नव्हते, मिशनरी नव्हते, सभा गाजविणारे वक्तेहि नव्हते. १९३७ सालीं साउथ डकोटा सोडून ते ऑरेगनांत आले, लांकडाच्या धंद्यांत त्यांनीं चार पैसे मिळविले, आणि शेतीवाडी करून ते सुखानें राहूं लागले. अशा साध्या माणसाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, ह्याचें कारण हें कीं, परदेशांतील अनाथ मूल दत्तक घेऊन घरीं आणण्याची जी चाल पुष्कळ देशांत पडली, तिचा माग काढूं गेलें असतां वाट बहुतेक ह्याच माणसाच्या दारापाशीं येऊन पोंचते.

त्यांच्या पत्नी बर्थाबाई ह्या मूळच्या आयोवा राज्यांतील. त्यांचा जन्म १९०४ चा. त्यांनीं परिचारिकेचें शिक्षण घेतलें होतें, आणि स्वभावानें त्या मोठ्या धीराच्या व कष्टाळू होत्या. १९२७ सालीं उभयतांचा विवाह झाला. त्यांस पांच कन्या व एक पुत्र अशीं सहा मुलें झालीं. संसार भरलेला होता. पोटीं मूल नाहीं म्हणून दत्तक घ्यावें असा प्रसंग त्यांजवर नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. १९५० सालीं होल्टांस हृदयविकाराचा जबर झटका आला. ते वांचले, पण पूर्वीचें बळ परत आलें नाहीं. उरलेलें आयुष्य देवानें कांहीं हेतूनें दिलें आहे असें त्यांच्या मनानें घेतलें. हेतु कोणता तें मात्र पुढें चार वर्षें उमगलें नाहीं.

१९५४ च्या डिसेंबर महिन्यांत जवळच्या यूजीन शहरीं वर्ल्ड व्हिजन संस्थेचे बॉब पिअर्स यांनीं कोरियांतील अनाथ मुलांविषयींचा चित्रपट दाखविला. होल्ट पतिपत्नी तो पाहावयास गेलीं, आणि तेथून परत आलीं तीं बेचैन होऊनच.

कोरियाची तेव्हांची अवस्था सांगितल्यावांचून पुढची गोष्ट नीट कळणार नाहीं. १९५० ते १९५३ अशीं तीन वर्षें त्या देशांत युद्ध झालें. शहरें जळालीं, लाखों माणसें मेलीं, अनाथालयें भरून गेलीं. त्या अनाथांत एक वर्ग असा होता कीं ज्यांस कोणीच आपलें म्हणेना. परदेशी शिपाई व कोरियन स्त्रिया यांजपासून झालेलीं हीं मुलें. बाप युद्ध संपवून आपल्या देशीं गेला. कोरियांत मनुष्याचें नांव बापाच्या घराण्याच्या नोंदवहींत घालीत; बाप नाहीं तर नोंद नाहीं, आणि नोंद नाहीं तर शाळेपासून लग्नापर्यंत सगळीकडे अडसर. शिवाय चेहऱ्यावरूनच जन्माची हकीकत लोकांस कळे. बापाचें नांव विचारल्यावर जें पोर खालीं मान घालतें त्याजकडे गांव कसा पाहतो, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. कित्येक आया अशीं बाळें अनाथालयांच्या दारांत ठेवून निघून जात. त्यांस निर्दय म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. त्या वेळच्या कोरियन सरकारचेंहि मत असें होतें कीं हीं मुलें देशाबाहेर गेलेलींच बरीं.

होल्ट कुटुंबानें प्रथम दरमहा पैसे पाठवून कांहीं मुलांच्या पोषणाचा भार उचलला. पुष्कळ भल्या माणसांचें समाधान एवढ्यावर होतें, आणि तें वाईट नव्हे. परंतु होल्टांस झोंप येईना. बर्थाबाईंच्या मनांतहि तोच विचार घोळत होता. उभयतां एकमेकांस बोलून दाखविण्यास भीत होतीं एवढेंच. अखेर १९५५ च्या वसंत ऋतूंत गोष्ट उघड झाली. मोठ्या मुलांसहि विचारण्यांत आलें, आणि तीं कबूल झालीं. आठ मुलें आणावयाचीं असें ठरलें.

आठ मुलें आणणें हें बोलण्याइतकें सोपें नव्हतें. १९५३ च्या निर्वासितांविषयींच्या कायद्याप्रमाणें एका कुटुंबास दोनच अनाथ आणतां येत. त्या देशाचे दरवाजे आशियांतील माणसांस कसे बंद होते हें आज विसरलें जातें. १९२४ च्या कायद्यानें कोरियन मनुष्यास अमेरिकेंत वसण्यास जवळजवळ बंदीच होती, आणि १९५२ सालीं ती उठली तरी वर्षाला अवघ्या १०० जणांस परवानगी मिळाली. खुद्द ऑरेगन राज्यांत गोऱ्या माणसाचा आशियाई माणसाशीं विवाह १९५१ पर्यंत बेकायदेशीर होता. अशा राज्यांतला पन्नाशी गांठलेला, हृदयविकारानें खंगलेला शेतकरी सरकारापाशीं आठ कोरियन मुलें मागूं लागला! त्यांच्यासाठीं वेगळा कायदाच करावा लागला. सेनेटर रिचर्ड न्यूबर्गर व प्रतिनिधि-सभेच्या सभासद एडिथ ग्रीन यांनीं तो पुढें आणला, आणि १९५५ च्या ऑगस्टांत तो मंजूर झाला.

होल्ट मात्र कायद्याची वाट पाहत बसले नव्हते. ते त्यापूर्वींच एकटे निघाले. वाटेंत टोकियोस त्यांचा धीर सुटला. आपण हें काय आरंभिलें आहे, हा देवाचा हेतु कीं आपलाच हट्ट, अशी शंका त्यांस येऊं लागली. रात्रीं खोलींत त्यांनीं प्रार्थना करून पवित्र शास्त्र उघडलें, तों यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायांतील, पूर्वेकडून संतान आणण्याविषयींचें वचन त्यांच्या बोटाखालीं आलें. त्यांनीं तीच खूण मानली. बोट ठेवून शास्त्र उघडण्याची ही रीत आमच्या मंडळ्यांनीं नेहमींची करावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्या रात्रीं त्या माणसास पुढें जाण्याचें बळ त्यानेंच मिळालें, ही गोष्ट खरी. बर्थाबाईंनीं १९५६ सालीं जें पुस्तक लिहिलें त्याचें नांवहि त्यांनीं ह्या वचनावरूनच ठेवलें.

पुढचे कित्येक महिने होल्ट कोरियांत राहिले. अनाथालयांतून हिंडून त्यांनीं मुलें निवडलीं, आजारी बाळांची स्वतः शुश्रूषा केली, कागदपत्रांसाठीं कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. आमच्याकडे पन्नाशीच्या पुरुषानें तान्ह्या पोराचें दुपटें बदललें तर शेजारपाजार हंसेल. होल्टांनीं तें काम परदेशांत, भाषा येत नसतां, पत्नी जवळ नसतां केलें.

१९५५ च्या ऑक्टोबरच्या १४ व्या तारखेस त्यांचें विमान पोर्टलंड शहरीं उतरलें. बरोबर बारा मुलें होतीं. त्यांपैकीं आठ त्यांचीं स्वतःचीं, बाकीचीं दुसऱ्या कुटुंबांसाठीं. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांची गर्दी उसळली होती. आठांपैकीं चार मुलगे व चार मुली. सर्व चार वर्षांच्या आंतील, कांहीं तर अंगावर पिण्याच्या वयाचीं. आठ माणसांचें कुटुंब एका दिवसांत सोळांचें झालें.

आतां ज्या भागाविषयीं वर्तमानपत्रें फारसें लिहीत नाहींत त्याजकडे वळूं. हीं आठ मुलें एकमेकांचीं सख्खीं भावंडें नव्हतीं. बापाचें नातें जुळण्यापूर्वीं त्यांस आपसांत भाऊबहीण व्हावयाचें होतें. कानावर पडणारी भाषा नवी, ताटांतलें अन्न नवें, रात्रीं निजण्याची जागा नवी. अनाथालयांतून आलेल्या लेंकराचें वागणें ज्यांनीं जवळून पाहिलें आहे त्यांस ठाऊक असेल कीं, पोट भरलें तरी तें भाकरीचा तुकडा मुठींत धरून ठेवतें. घेतलें तर रडतें, ठेवलें तर अधिकच रडतें. आणि कोणी पाठ फिरविली कीं तें माणूस पुनः येणार नाहीं असें समजतें. असें मूल लगेच बिलगेल आणि उपकार मानील अशी ज्यांची अपेक्षा असते त्यांची फजिती होते. मुलाला उपकार कळत नाहीं आणि कळूंहि नये. सासरीं आलेल्या मुलीस आपण वर्ष दोन वर्षें सांभाळून घेतों, मग माहेर, भाषा, नांव, सर्व एकदम गमावलेल्या दोन वर्षांच्या पोरास किती घ्यावें?

होल्टांच्या घरीं हा भार एकट्या आईवर पडला नाहीं. परिचारिकेचें शिक्षण बर्थाबाईंच्या कामीं आलें, आणि मोठ्या बहिणींनीं बाळें कडेवर घेतलीं. घरांत आधींचीं मुलें असलीं म्हणजे आलेल्यास लवकर भाषा येते, कारण मूल मुलाकडून शिकतें. आणि आधींच्या मुलांचें मन विचारून घेतलेलें असलें म्हणजे द्वेषास जागा कमी राहते. आमच्या मतें क्रेसवेलच्या घराचें यश ह्या दोन गोष्टींत होतें, पैशांत नव्हतें. तथापि त्या घरानेंहि एक गोष्ट केली जी तेव्हां सर्वांस योग्यच वाटे: मुलांस इंग्रजी नांवें दिलीं आणि इंग्रजींतच वाढविलें. ज्यांस कोणत्याच वहींत नांव नव्हतें त्यांस नांव मिळालें, ही थोर गोष्ट. परंतु नव्या नांवाखालीं जुनें झांकलें जातें, ह्याचा विचार त्या काळीं फार थोड्यांनीं केला.

वर्तमानपत्रांतील चित्रें पाहून होल्टांच्या घरीं पत्रांचा पाऊस पडला. आम्हांसहि असें मूल हवें, असें शेंकडों कुटुंबें लिहूं लागलीं. १९५६ सालीं होल्टांनीं ह्या कामासाठीं संस्था स्थापिली आणि ते पुनः कोरियास गेले. येथून पुढचें चरित्र लिहितांना लेखणी जपून चालवावी लागते. मुलें लवकर नेलीं नाहींत तर मरतील ह्या भीतीनें होल्टांस घाई झाली होती. ते दत्तक घेणाऱ्यांचे मुखत्यार होऊन कोरियांतच दत्तविधान पुरें करीत, आणि आईबापांनीं कधीं न पाहिलेलीं मुलें भाड्याच्या विमानांतून रवाना करीत. कांहीं बाळें वाटेंत किंवा पोंचल्यावर थोड्याच दिवसांत दगावलीं. दत्तक घेणारा खरा विश्वासी ख्रिस्ती असावा हीच होल्टांची मुख्य अट असे. घराची बारीक चौकशी हा त्यांस वेळेचा अपव्यय वाटे. बालकल्याणाचें काम करणाऱ्या जाणत्या लोकांनीं ह्याजवर कडक टीका केली, आणि ती खोटी नव्हती, कारण कांहीं मुलें खरोखरीच क्रूर हातीं पडलीं. भक्ति असली म्हणजे चौकशी नको, असें मानणें होल्टांची चूक होती असें आम्हांस वाटतें. त्यांनीं आपल्या आठ मुलांस स्वतः पाहिलें, उचललें, रात्री जागविल्या, मग घरीं नेलें; दुसऱ्यांस मात्र ती संधि मिळाली नाहीं. १९६१ च्या अमेरिकन कायद्यानें मुखत्याराकरवीं दत्तक घेण्याची ही पद्धति बंद पडली.

ज्यांस कोणीच नेत नसे अशीं अपंग व मंदबुद्धि मुलें मागें राहत. त्यांच्यासाठीं होल्टांनीं सोलजवळ इल्सान येथें टेंकडीच्या पायथ्याशीं घरें बांधविलीं. शरीर थकलें होतें, वैद्यांची ताकीद होती, पण ते थांबले नाहींत. १९६४ च्या एप्रिलच्या २८ व्या तारखेस हृदयविकारानेंच त्यांचा अंत कोरियांत झाला, आणि त्यांस इल्सान येथेंच पुरलें. बर्थाबाईंनीं त्यानंतर ३६ वर्षें काम चालविलें. कोरियांत व अमेरिकेंत त्यांस लोक आजी म्हणत. त्यांच्या एका कन्येनें परिचारिका होऊन आपलें आयुष्य कोरियांतच वेंचलें. ती २०१९ सालीं वारली.

त्यांच्या संस्थेचा हात आमच्या प्रांतापर्यंतहि पोंचला. पुण्याचें भारतीय समाज सेवा केंद्र १९७९ सालीं सुरू झालें तें तिच्या सहकार्यानें. आपल्याकडे १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें परदेशीं दत्तक देण्याविषयीं नियम घालून दिले, आणि देशांतच घर मिळतें कीं काय हें आधीं पाहावें असें सांगितलें. ख्रिस्ती कुटुंबास तर ह्या देशांत पुष्कळ काळ केवळ पालक होतां येई. कायद्यानें आईबाप होण्याची वाट २००० सालच्या बालन्याय कायद्यानें उघडली, हें आमच्या मंडळ्यांतील कित्येकांस अद्याप ठाऊक नाहीं.

कोरियांतून परदेशीं गेलेल्या मुलांची संख्या पुढें १,४०,००० च्या वर गेली. त्यांतील बहुतेक होल्टांच्या मृत्यूनंतर, देश सधन होत असतां गेलीं. २०२५ च्या मार्चांत दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानें जाहीर केलें कीं, अनेकांच्या कागदांत फेरफार झाले होते. आईबाप असलेलीं मुलेंहि अनाथ म्हणून नोंदविलीं गेलीं, आणि सरकारनें देखरेख केली नाहीं. अमेरिकेंत गेलेल्या कांहींस तर दत्तक घेऊनहि नागरिकत्व मिळालें नव्हतें. आतां पन्नाशी साठी गांठलेलीं हीं मुलें सोलला जातात, जुन्या कपाटांतील नोंदी मागतात, आणि आपलें पहिलें नांव काय होतें तें विचारतात. कोणास मिळतें, पुष्कळांस मिळत नाहीं.

त्यांपैकीं कांहीं जण इल्सानलाहि जाऊन येतात. बर्थाबाई २००० सालीं ९६ व्या वर्षीं निवर्तल्या. त्यांस अमेरिकेहून आणून पतीशेजारीं ठेवलें आहे. टेंकडीच्या खालीं होल्टांनीं बांधलेल्या वस्तींत, लहानपणीं ज्यांस कोणत्याच विमानांत जागा मिळाली नाहीं असे पुरुष व स्त्रिया अजून राहतात. त्यांचे केस आतां पिकले आहेत.