चव्वेचाळीस नंबरचा एर्नी

अमेरिकन फुटबॉल म्हणजे नावाला फुटबॉल. चेंडू काखेत धरून पळायचं, समोरच्या धटिंगणांनी अंगावर पडून अडवायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो. मला यात काही रस नव्हता, पण एर्नी डेव्हिसवरचा २००८ चा ‘द एक्स्प्रेस’ पाहिला आणि या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

एर्नीचा जन्म १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील त्याच्या जन्माआधीच अपघातात गेले. आजी-आजोबांनी वाढवला. बोलताना अडखळायचा, म्हणून गप्पच असायचा. बाराव्या वर्षी आईकडे न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मिराला आला, शाळेत मैदान गाजवलं आणि सिरॅक्यूज विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्याला ४४ नंबरची जर्सी मिळाली. त्याच्याआधी ती जिम ब्राऊन घालायचा, म्हणजे ओझं केवढं बघा!

१९५९ च्या सीझनला तो सेकंड इयरला, आपल्या भाषेत एस.ई.चा पोरगा. कोच बेन श्वार्ट्‌सवाल्डर दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरलेले सैनिक, तेव्हा शिस्तीबद्दल बोलायलाच नको. टीमने दहाच्या दहा मॅच जिंकल्या. (सिनेमात वेस्ट व्हर्जिनियाच्या मैदानावर प्रेक्षक बाटल्या फेकताना दाखवलेत. प्रत्यक्षात त्या वर्षीची ती मॅच सिरॅक्यूजलाच झाली आणि ४४-० ने जिंकली. सिनेमावाल्यांचं काही खरं नाही.)

शेवटची मॅच डॅलसला, कॉटन बाऊल, १ जानेवारी १९६०. समोर टेक्सास. एर्नीचा मांडीमागचा स्नायू दुखावलेला. तरी मॅच सुरू होते न होते तोच त्याने पास झेलून ८७ यार्डांचा टचडाऊन केला. सिरॅक्यूजने २३-१४ ने मॅच जिंकली. अकरापैकी अकरा, राष्ट्रीय विजेतेपद, आणि एर्नी सर्वोत्तम खेळाडू.

रात्री बक्षीस समारंभ. टीममध्ये तिघे कृष्णवर्णीय होते. एर्नीला सांगण्यात आलं की बक्षीस घ्या आणि निघा, पुढच्या कार्यक्रमाला थांबता येणार नाही. दुपारी ज्याच्यामुळे मॅच जिंकली, त्याला रात्री त्याच टीमबरोबर बसायची बंदी! वाचताना माझं तर डोकंच फिरलं.

१९६१ मध्ये कॉलेज फुटबॉलचा सर्वात मोठा मान, हाइझमन ट्रॉफी, त्याला मिळाली. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. राष्ट्राध्यक्ष केनेडी तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होते, त्यांनी त्याला भेटायला बोलावलं. मग व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिलं नाव त्याचंच. वॉशिंग्टनने निवडलं आणि क्लीव्हलंड ब्राऊन्सने अदलाबदल करून घेतलं.

आणि १९६२ च्या उन्हाळ्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. मध्ये काही काळ आजार दबला तेव्हा मालक आर्ट मॉडेल त्याला खेळवायच्या बाजूने होते. कोच पॉल ब्राऊन तयार झाले नाहीत. दोघांचं यावरून चांगलंच बिनसलं. कोच बरोबर होते असं मला वाटतं, पण एर्नीच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं का, शंकाच आहे. त्याने मात्र एका लेखात सांगितलं की तो स्वतःला कमनशिबी समजत नाही.

१८ मे १९६३ ला तो गेला. वय २३. अंत्यदर्शनाला एल्मिरात हजारो लोक आले. त्याच गावच्या वूडलॉन दफनभूमीत त्याला पुरलं, मार्क ट्वेनही तिथेच आहे. क्लीव्हलंडने त्याचा ४५ नंबर कायमचा निवृत्त केला. तो नंबर घालून एर्नी एकही मॅच खेळला नव्हता.